गाडी तापते, पण कुठे?

‘गाडी गरम होते’ अशी तक्रार घेऊन कोणी गॅरेजच्या दारात आले, की त्याला विचारायचा पहिला प्रश्न ‘कुठे?’ हा आहे. चांदणी चौकातल्या गर्दीत ताटकळताना काटा वर जातो, की करंजी घाट चढताना? की सोलापूर रोडवर मोकळ्या रस्त्याने ८०च्या वेगात जातानाही तो सरकतच राहतो? तक्रारीचे शब्द एकच, पण दुखणी तीन. पहिल्यात नजर पंख्याकडे वळवावी लागते. दुसऱ्यात रेडिएटर, पंप, बेल्ट आणि पंखा अशी सगळ्यांचीच झडती घ्यावी लागते. तिसऱ्यात पंख्याला हात लावायचे सहसा कारणच नसते.

या पुस्तकाचा सगळा भार या एका प्रश्नावर आहे. पाना उचलण्याआधी तो विचारला गेला तर निम्मे निदान जागच्या जागी होते. विचारला गेला नाही तर आधी पंख्याची मोटर बदलली जाते, मग थर्मोस्टॅट, मग रेडिएटर. प्रत्येक वेळी पैसे जातात आणि पुढच्या घाटात काटा पुन्हा लाल रेघेवर येतो.

हा प्रश्न इतका कामाचा का, हे कळायला उष्णतेचा हिशेब बघावा लागतो. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच गाडी ओढायच्या कामी येते. साधारण तेवढीच धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. ती बाहेर काढणे हे कूलंटचे काम. लिटरला १६ किलोमीटर देणारी छोटी गाडी ताशी ८०ने धावते तेव्हा तासाला ५ लिटर पेट्रोल जाळते, आणि त्यातून रेडिएटरच्या वाट्याला येणारी उष्णता १५ किलोवॉटच्या आसपास भरते. घरातले सात गिझर बॉनेटखाली एकदम चालू ठेवावेत तशी ही उष्णता आहे, आणि ती दर क्षणाला बाहेर पडली पाहिजे.

ती दोन टप्प्यांत बाहेर पडते. कूलंट तिला इंजिनातून रेडिएटरपर्यंत आणते, आणि वारा तिला रेडिएटरच्या जाळीतून उचलून नेतो. हा वारा गाडी धावत असली तर समोरून आपोआप मिळतो; गाडी उभी असली तर तो फक्त पंखाच देतो. सपाट रस्त्यावर ताशी ५०-६०च्या पुढे समोरचा वारा इतका पुरतो, की पंखा मेलेला असला तरी काटा जागचा हलत नाही. त्यामुळे गर्दीत तापणारी आणि रस्त्याला लागताच निवणारी गाडी वाऱ्याचा बिघाड सांगत असते. वेगातही तापणाऱ्या गाडीला वारा भरपूर मिळतो आहे. तिचे कूलंट नीट फिरत नाही, कमी झाले आहे, किंवा जाळीत कचरा बसून वाऱ्याची वाटच बंद झाली आहे. घाटात इंजिनावर पूर्ण भार असतो, गिअर खालचा असतो आणि वेग मात्र वीस-पंचवीसचा. तिथे पाणी आणि वारा दोघांची परीक्षा एकाच वेळी होते, आणि सपाटीवर लपून राहिलेला अर्धवट चोक झालेला रेडिएटर तिथेच उघडा पडतो.

असे पुस्तक भिंगारात लिहिले जावे हे मला फार योग्य वाटते. अहमदनगर वसण्याआधीपासूनचे हे गाव. निजामशाहीची राजधानी उभी राहिली ती याच्या शेजारी. नगरचा किल्ला १८०३मध्ये इंग्रजांकडे गेला, छावणी आली, आणि विसाव्या शतकात घोड्यांच्या जागी चिलखती गाड्या आल्या. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल १९४८मध्ये इथे आकाराला आले. त्याच वर्षी १ जूनला एसटीची पहिली गाडी धावली ती पुणे-नगर रस्त्यावर. डीआरडीओची वाहनांवर संशोधन करणारी संस्था, व्हीआरडीई, नगरचीच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६व्या नियमात गाड्यांचे नमुने तपासणाऱ्या संस्थांची जी यादी आहे तिच्यात तिचे नाव आहे. म्हणजे वाहन का तापते आणि का थांबते याचे देशातले उत्तम ज्ञान या गावाच्या आसपास कित्येक दशके आहे. पण ते इंग्रजी मॅन्युअलमध्ये आहे, तारेच्या कुंपणाआड आहे. पाथर्डी रोडवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसलेल्या मिस्त्रीला आणि त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या पोराला त्यातले जे हवे ते मराठीत कोणी सलग सांगितले नव्हते. या पानांनी ते काम घेतले आहे.

कुंपणाआडच्या त्या ज्ञानातले काही मात्र सगळ्यांना बघायला खुले आहे. १९९४मध्ये सुरू झालेल्या इथल्या टँक म्युझियममध्ये लोक तोफा आणि चिलखते बघायला जातात. इंजिनाचे काम शिकणाऱ्याने तिथे पॅटन आणि सेंच्युरियन या दोन रणगाड्यांसमोर थोडा जास्त वेळ थांबावे. सेंच्युरियनचे इंजिन रोल्स-रॉइसचे मेटिऑर, १२ सिलिंडरचे, २७ लिटरचे. स्पिटफायर विमानात बसवलेल्या मर्लिन इंजिनाच्याच घराण्यातले. ते पाण्याने थंड होते, म्हणजे त्याला रेडिएटर आहे. पॅटनचे काँटिनेंटल इंजिनही १२ सिलिंडरचे, २९ लिटरचे, पण त्यात पाणी नावाला नाही. इंजिनाच्या डोक्यावर आडवे बसवलेले दोन मोठे पंखे वारा खेचतात आणि तो वारा सिलिंडरच्या पाकळ्यांवरून जातो, अशी त्याची थंडाव्याची व्यवस्था. सप्टेंबर १९६५मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत या दोन जातींचे रणगाडे समोरासमोर होते. त्या लढाईचा निकाल ऊस उभ्या शेतांत, चिखलात आणि आपल्या जवानांच्या हिमतीवर लागला, इंजिनांवर नव्हे. पण थंडाव्याचे दोन मार्ग शेजारी शेजारी बघायला मिळण्याची अशी जागा महाराष्ट्रात दुसरी मला ठाऊक नाही. तिथेच विजयंताही आहे, आवडी इथल्या कारखान्यात बनलेला आपला पहिला रणगाडा. त्यात लेलँडचे एल-६० इंजिन होते, आणि त्याच इंजिनाच्या गळत्यांनी आणि थंडाव्याच्या तक्रारींनी ब्रिटिश सैन्याला त्यांच्या चीफटन रणगाड्यांत वर्षानुवर्षे छळले. शेकडो इंजिनिअर दिमतीला असणाऱ्यांनाही हा प्रश्न सोपा गेलेला नाही, हे गॅरेजमधल्या पोराने मनात ठेवावे.

पॅटनच्या पंख्यांकडे बघताना आणखी एक गोष्ट लक्षात येते: पंखा फुकट फिरत नाही. तो इंजिनाचीच ताकद खातो. मोटारगाडीच्या पंख्याचा पुढचा सगळा इतिहास ही ताकद वाचवण्याचा आहे. अँबॅसेडर आणि पद्मिनीचा पंखा बेल्टवर कायम फिरायचा, हायवेवर गरज नसतानाही. मग जीप-पिकअपच्या वर्गात व्हिस्कस कपलिंग आले. त्यात सिलिकॉनचे घट्ट तेल असते आणि पुढच्या तोंडाशी धातूच्या दोन थरांची गुंडाळी. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की गुंडाळी ताणते, तेलाची वाट उघडते आणि पंखा इंजिनाबरोबर जोराने फिरू लागतो. घाटात अशा गाडीचा पंखा घोंगावू लागला तर घाबरू नये, तो आपले काम करतो आहे. काळजी तेव्हा करावी जेव्हा काटा वर चढतो आणि घोंगावणे येतच नाही. इंजिन गरम असताना बंद करून, किल्ली काढून, पंखा हाताने फिरवावा. तो अडखळत थांबला तर कपलिंग जिवंत आहे; मोकळा गरगर फिरत राहिला, किंवा कपलिंगच्या तोंडाशी तेलाचे ओघळ दिसले, तर ते संपले आहे.

१९८३च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि पंखा बेल्टवरून उतरला. तिचे इंजिन आडवे बसवलेले असल्याने बेल्टवरचा पंखा रेडिएटरसमोर येऊच शकत नव्हता. तो विजेचा झाला, आणि आज रस्त्यावरच्या बहुतेक मोटारींचा तसाच आहे. तेव्हापासून ‘पंखा बिघडला’ या वाक्याचा अर्थ बदलला. पूर्वी बेल्ट आणि पाती बघितली की झाले. आता मोटर, फ्यूज, रिले, सेन्सर, वायरिंग, अर्थिंग आणि त्या सगळ्यांना हुकूम देणारा इंजिनाचा कंप्युटर अशी साखळी आहे, आणि यातली एक कडी निसटली तरी दिसते ते एकच: पंखा उभा.

या साखळीची तपासणी या पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण आहे, आणि ते तसेच असायला हवे. तिची सुरुवात मात्र हत्यारांशिवाय होते. गाडी सावलीत उभी करा, इंजिन चालू ठेवा, एसी बंद ठेवा आणि थांबा. तापमान साधारण ९५ ते १०० अंशांपर्यंत जाते, पंखा सुरू होतो, ते थोडे खाली आणतो, बंद पडतो. हे चक्र दोन-तीनदा नीट झाले तर पंखा निर्दोष आहे आणि दुखणे दुसरीकडे शोधावे. पंखा सुरूच झाला नाही तर एसी लावा. एसीबरोबर पंखा फिरायला हवा, कारण कंडेन्सरलाही वारा लागतो. एसीवर फिरतो आणि तापल्यावर फिरत नाही, याचा अर्थ मोटर आणि तिची मुख्य वायर बहुधा धडधाकट आहे. तापमान सांगणारा सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर बघा. ज्या गाड्यांत दोन पंखे आहेत तिथे दोन्ही फिरतात का हे डोळ्यांनी बघा. एसीवरही पंखा उभाच राहिला तर फ्यूज, मग रिले. शेजारी त्याच नंबरचा हॉर्नचा रिले असेल तर अदलाबदल करून क्षणात निकाल लागतो. तेही ठीक असेल तर मोटरचा कनेक्टर काढून तिला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. फिरली तर दोष वायरिंगमध्ये, नाही फिरली तर मोटरमध्ये.

यात एक फसवा प्रकार आहे, त्याबद्दल आधीच सावध करतो. पंखा फिरतो, पण मरतुकडा फिरतो. कार्बन झिजलेले असतात, किंवा अर्थिंगच्या बोल्टला गंज असतो आणि मोटरपर्यंत १२ऐवजी ९ व्होल्टच पोहोचतात. बघणारा म्हणतो ‘पंखा चालू आहे’ आणि पुढे जातो. दोन वेगांच्या पंख्यात रेझिस्टर जळाला की कमी वेग गायब होतो. पंखा उशिरा, एकदम जोरात सुरू होतो, तोवर काटा बराच चढलेला असतो. मल्टिमीटर नसलेल्या गॅरेजला हे दोष सापडत नाहीत. हजार रुपयांच्या आत येणारे हे यंत्र प्रत्येक शिकाऊ मुलाच्या स्वतःच्या पेटीत असावे असा माझा आग्रह आहे. आणि हे सगळे करताना एक नियम मोडायचा नाही: विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होऊ शकतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडल्याशिवाय पात्यांत बोटे घालायची नाहीत.

आपल्याकडे या साखळीला कंटाळून एक पळवाट काढली जाते: पंखा ‘डायरेक्ट’ करायचा. किल्ली फिरवली की पंखा सुरू, बंद केली की बंद. काम दहा मिनिटांत होते, गिऱ्हाईक खूश होते. मला ही पद्धत घातक वाटते, आणि त्याचे कारण विजेच्या नासाडीपुरते नाही. सतत फिरणारी मोटर लवकर झिजते आणि ज्या दिवशी ती बसते त्या दिवशी ड्रायव्हरला काहीच कळत नाही, कारण पंख्याचा आवाज ऐकायची त्याची सवयच गेलेली असते. शिवाय मूळ दोष, मग तो सेन्सर असो की कूलंटची गळती, झाकलेला राहतो आणि वाढतो. रात्री अडलेल्या गाडीला घरी पोहोचवायला डायरेक्ट करणे समजू शकते. दुसऱ्या दिवशी ते काढले पाहिजे.

थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह काढून टाकणे हा या पळवाटेचाच जुळा भाऊ. इंजिन थंड राहील असा समज असतो. होते असे की इंजिन लागेल तेवढे तापतच नाही, ॲव्हरेज पडते, झीज वाढते. काही इंजिनांत तर व्हॉल्व्ह काढल्यावर बायपासची वाट उघडी राहते, कूलंट रेडिएटरला वळसा घालून तसेच परत इंजिनात जाते आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. वास्तविक व्हॉल्व्ह तपासणे हे चहाच्या भांड्यातले काम आहे. त्याच्या अंगावर ८२ किंवा ८८ असा आकडा छापलेला असतो. भांड्यात पाणी, पाण्यात व्हॉल्व्ह आणि थर्मामीटर. त्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे.

घाटाचे प्रकरण मढीच्या यात्रेने सुरू होते, आणि मला ती निवड फार आवडली. कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते, रंगपंचमीला गर्दीचा कळस. मार्चचे ऊन, काळ्या-पिवळ्या जीपमध्ये खच्चून माणसे, आणि करंजी घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकणारी रांग. वर्षभर सपाटीवर निभावलेली प्रत्येक कमजोरी इथे वर येते. त्यातल्या बऱ्याच फक्त बघून सापडतात: एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत बसलेली माती, पाचट आणि किडे, ढिला बेल्ट, पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून ओघळलेला कूलंटचा रंगीत डाग, पंख्याभोवतीचे प्लॅस्टिकचे कडे, जे कुठल्यातरी कामात काढले गेले आणि परत बसलेच नाही. कडे नसेल तर पंखा जाळीतून वारा खेचण्याऐवजी तीच गरम हवा घुसळत राहतो. रेडिएटर आतून चोक झाला आहे का, हे इन्फ्रारेड थर्मामीटर त्याच्या अंगावरून फिरवले की कळते. मध्येच थंड पट्टे सापडले तर त्या नळ्यांतून काही वाहत नाही.

नळ्या चोक होतात त्याला आपले पाणी बरेच जबाबदार आहे. आपल्या काळ्या खडकातल्या बोअरचे पाणी बहुतेक जड. विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनाला ते चालायचे, कारण पंपाच्या पाइपातून बारीक धार इंजिनाला द्यायची आणि ते पाणी पुढे पाटात जायचे. मोटारीत तेच पाणी महिनोन्‌महिने फिरते, क्षार धातूवर बसत जातात आणि उष्णतेची वाट अडते. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे, किंवा कंपनीने तयार मिसळलेले, एवढेच घालावे. घट्ट कूलंट पाणी न मिसळता ओतले तर जास्त थंडावा मिळेल असे काहींना वाटते. उलट ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते. त्याचा उपयोग गंज रोखणे आणि उकळण्याचा बिंदू वर नेणे हा आहे. आणि रंगावर जाऊ नये. हिरवा आणि लाल हे फक्त रंग आहेत, आत काय आहे ते डब्यावर वाचावे.

रेडिएटरच्या झाकणाकडे लक्ष देणारा माणूस मी क्वचितच पाहिला आहे. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर आहे. इथे उघड्या भांड्यातले पाणी १०० नव्हे, सुमारे ९८ अंशांनाच उकळते. इंजिन तर त्याच्या आसपासच चालते. मग गाडी रोज का उकळत नाही? कारण झाकणातली स्प्रिंग आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जवळजवळ एका बारने जास्त ठेवते आणि साधे पाणीसुद्धा ११५च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले, स्प्रिंग मेली, की ही सगळी सवलत जाते. पंखा उत्तम, पंप उत्तम, तरी बाटलीतून कूलंट उसळते. दोन-तीनशे रुपयांच्या झाकणासाठी हेड उतरवले जाण्याची पाळी यावी, याचा राग येतो. हेच झाकण गरम असताना उघडले तर आतले पाणी दाब जाताच क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. वरचा होस पाइप हाताला गार लागेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. घाई कितीही असो, मागून गाड्या कितीही हॉर्न देवोत.

काट्याबद्दल एक गोष्ट प्रत्येक ड्रायव्हरला माहीत हवी. कूलंट पूर्ण गळून गेले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा कधीकधी खाली येतो. ‘निवली’ असे समजून लोक पुढे जातात, आणि त्याच दोन किलोमीटरांत हेड वाकते. चढलेला काटा कारणाशिवाय एकदम उतरला, हीटरमधून गार हवा येऊ लागली, तर ताबडतोब बाजूला घेऊन इंजिन बंद करा. कूलंट शाबूत असेल आणि थांबायला जागाच नसेल, तर एसी बंद करून हीटर पूर्ण लावल्याने इंजिनाची थोडी उष्णता गाडीच्या आत येते. माणसे घामाघूम होतील, इंजिन वाचेल.

हेड गॅस्केटचे प्रकरण लेखकाने मुद्दाम शेवटी ठेवले आहे. पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधी फेस, थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे, ही लक्षणे दिसली की ‘पॅकिंग गेले’ असा निकाल पटकन दिला जातो. तो द्यायच्या आधी निळ्या द्रावणाची चाचणी करावी; सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर द्रावण पिवळे पडते. आणि पॅकिंग गेलेच असेल तर ते का गेले, हे शोधल्याशिवाय नवे बसवू नये. तो शोध पुन्हा पहिल्या प्रकरणाकडे, पंखा आणि पाण्याकडे नेतो.

ज्याची जीप दिवसाला चार फेऱ्या करते त्याच्यासाठी इंजिन उतरवणे म्हणजे पंधरवड्याची कमाई आणि वर मुलांच्या फीचे पैसे. गॅरेजमधल्या पोरांना काय बदलायचे ते शिकवले जाते, काय विचारायचे ते क्वचित. दोघांचे नुकसान एकाच ठिकाणी होते. म्हणून पुस्तकाच्या अखेरीस ड्रायव्हरने भरायचे एक पान दिले आहे: काटा कुठे चढला, वेग किती, गिअर कोणता, एसी चालू की बंद, गाडीत माणसे किती, पंख्याचा आवाज आला का, आदल्या आठवड्यात कूलंट किती घातले. ते पान फाडून मिस्त्रीच्या हातात द्यायचे आहे. मागच्या बाजूला त्याने काय तपासले, कोणत्या क्रमाने तपासले आणि अखेर काय बदलले हे लिहायला जागा आहे.